फॉर्म्युला वन : खेळ की करमणूक?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात जिमखान्याच्या फलकावर एक कोरा कागद लावून 'आपल्या आवडत्या खेळाविषयी चार ओळी लिहा' असे आवाहन करण्यात आले होते. कोणी क्रिकेटवर लिहिले, कोणी कबड्डीवर, कोणी खो-खोवर. मी फॉर्म्युला वन या मोटारींच्या जागतिक शर्यतीवर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तो माझ्या ओळींखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, "पळते मोटार, माणूस नुसता बसतो. याला खेळ म्हणतात का?" मैत्रिणी हसल्या, मीही हसले; पण प्रश्न मनातून जाईना. त्या अनामिक टीकाकाराला उत्तर द्यावे, आणि जमलेच तर त्याला एखाद्या रविवारी शर्यत पाहायला बसवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा टीकाकार एकटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. हीच शंका एकदा आपल्या केंद्रीय क्रीडा मंत्रालयालाही आली होती. भारतात ही शर्यत भरवण्याची खटपट चालू असताना, २००९ साली, हा खेळ नसून व्यापारी स्वरूपाची करमणूक आहे अशी भूमिका मंत्रालयाने घेतली. पुढे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट' नावाचा ५.१२५ किलोमीटरचा मार्ग तयार झाला, आणि २०११, २०१२ व २०१३ अशी तीन वर्षे तेथे शर्यत झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटल जिंकला. परंतु खेळ म्हणून करमाफी द्यायची की करमणूक म्हणून कर घ्यायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ नंतर शर्यत पुन्हा आली नाही. तेव्हा खेळ की करमणूक हा प्रश्न केवळ आमच्या फलकावरचा नव्हे. आपल्या देशात या शर्यतीच्या वाटेत जे धोंडे आले, त्यांपैकी हा एक मोठा धोंडा होता.

आता ज्यांना या विषयाची काहीच माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगते. 'फॉर्म्युला' म्हणजे नियमावली. गाडीची लांबी-रुंदी किती, वजन किमान किती, इंजिन कसले, याचे सर्वांना सारखे लागू असलेले नियम म्हणजे फॉर्म्युला. आणि 'वन' म्हणजे त्यातली सर्वांत वरची पायरी. हे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेला एफआयए म्हणतात. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. तो मार्ग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या भोवतालचे रस्ते. इटलीचा ज्युसेप्पे फारिना ती शर्यत जिंकला, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही त्यालाच मिळाले.

वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात. २०२४ साली त्या चोवीस झाल्या. प्रत्येक शर्यतीला ग्रां प्री म्हणतात. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी मुख्य शर्यत, असा सर्वसाधारण क्रम असतो. पात्रता फेरीचे तीन टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांत सर्वांत हळू गाड्या गळत जातात आणि शेवटच्या टप्प्यात दहाच उरतात. ज्याची एक फेरी सर्वांत जलद, तो रविवारी सर्वांच्या पुढे उभा राहतो. मुख्य शर्यत ३०५ किलोमीटरहून थोडी अधिक असते. फक्त मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर ती २६० किलोमीटरची. पहिल्या दहांना अनुक्रमे २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण मिळतात. वर्षअखेर ज्या चालकाचे गुण जास्त, तो जगज्जेता. युरोपातल्या बहुतेक शर्यती उन्हाळ्यात असतात आणि आपल्याकडे त्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, म्हणजे अभ्यासाचेही फार नुकसान नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळते. माणूस नुसता बसतो, हे खरे आहे काय? ही गाडी नेहमीच्या मोटारीसारखी नसते. तिच्या पुढे-मागे जे पंख असतात ते विमानाच्या पंखाच्या उलट बसवलेले असतात. विमानाचा पंख हवेच्या जोरावर वर उचलतो, हा पंख गाडीला खाली रस्त्यावर दाबतो. त्यामुळे ती वळणावरून अशा वेगाने जाते की चालकाच्या मानेवर त्याच्या डोक्याच्या व शिरस्त्राणाच्या वजनाच्या चार-पाचपट भार बाजूने पडतो, आणि असे दीड-दोन तास. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारची शर्यत रात्री असूनही उष्मा इतका होता की अमेरिकेच्या लोगन सार्जंटला गाडी मध्येच थांबवावी लागली. फ्रान्सच्या एस्तेबान ओकोंला शिरस्त्राणातच उलटी झाली, तरी त्याने शर्यत पुरी केली. बसून राहण्याचा हा प्रकार आमच्या टीकाकाराने एकदा करून पाहावा.

परंतु माझे खरे उत्तर हे नव्हे. चालकाला कष्ट पडतात म्हणून हा खेळ आहे, असे मी म्हटले तर वाद एवढ्यावरच अडेल की कष्ट कोणाला अधिक, त्याला की कबड्डीपटूला. माझे म्हणणे वेगळे आहे. फॉर्म्युला वन हा सांघिक खेळ आहे, आणि आपण त्यातला एकच खेळाडू पाहतो, म्हणून आपल्याला तो खेळ वाटत नाही. बाकीचे खेळाडू पाहायला शिकले की शंका उरत नाही. किंबहुना १९५८ पासून चालकांच्या अजिंक्यपदाच्या जोडीला संघांचे वेगळे अजिंक्यपद आहे. एकेका संघाच्या दोन गाड्या, आणि दोघांचे गुण मिळून संघाचे गुण. शर्यत संपल्यावर बक्षिसाच्या चौथऱ्यावर पहिले तीन चालक उभे असतात, हे वृत्तपत्रातल्या छायाचित्रावरून सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या बाजूला चौथी एक व्यक्ती असते, तिच्याकडे कोणी पाहात नाही. ती जिंकलेल्या संघाची प्रतिनिधी असते. कधी इंजिनिअर, कधी मेकॅनिक.

मला हे प्रथम ज्यांनी दाखवले ते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही आणि शर्यतीतल्या एकाही चालकाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. हायवेच्या कडेला आमचे पंक्चर काढायचे दुकान आहे. दीड वर्षापूर्वी मी दुकानात बसून मोबाइलवर शर्यत पाहात होते. अण्णा ट्रकचे चाक खोलून नुकतेच मोकळे झाले होते. त्यांनी सहज डोकावून पाहिले, आणि नेमकी त्याच वेळी एक गाडी टायर बदलायला आत आली.

"अगं, हे काय झालं? चाकं बदलली का खरंच?"

"चारही बदलली अण्णा. दोन-अडीच सेकंदांत."

"एका चाकाला नट किती?"

मी वर्षभर शर्यती पाहात होते. परंतु हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शोधून पाहिले तर उत्तर होते, एक. प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट.

"मग जमेल," अण्णा म्हणाले. "पण माणसं किती लागली?"

तीही आम्ही मोजली. प्रत्येक चाकाशी तीन माणसे : एक हवेच्या गनने नट सोडवणारा आणि आवळणारा, एक जुने चाक काढून घेणारा, एक नवे बसवणारा. चार चाकांची बारा माणसे झाली. पुढे एक जॅकवाला, मागे एक जॅकवाला. गाडी हलू नये म्हणून दोन बाजूंना धरणारे दोघे, पुढच्या पंखाचा कोन बदलणारे दोघे, आणि गाडी सोडण्याची वेळ पाहणारा वेगळा. सगळी मिळून वीसच्या आसपास. यांतला कोणीही पाव सेकंद चुकला तर शर्यत जाऊ शकते. २०२३ साली कतारमध्येच मॅक्लारेन संघाने लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाके १.८० सेकंदांत बदलली, तो विक्रम झाला. एवढ्या वेळात मला या वाक्यातला पूर्णविराम देऊन होत नाही.

आणि चुकले तर काय होते? २०२१ ची मोनॅकोची शर्यत पाहा. मर्सिडीज संघाचा वाल्तेरी बोतास दुसऱ्या क्रमांकावर होता. टायर बदलायला तो आत आला आणि पुढच्या उजव्या चाकावर गन किंचित तिरपी बसली. नटाच्या खाचा झिजून गेल्या. मग कितीही जोर लावला तरी चाक निघेना. चालकाची काही चूक नाही, इंजिन ठणठणीत, आणि गाडी मात्र जागच्या जागी बाद. ते चाक शेवटी संघाच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात गेल्यावरच निघाले. ही हकीकत ऐकून अण्णा हसले नाहीत. "नट गोल झाला की माणूस रडकुंडीला येतो," एवढेच म्हणाले. त्या दिवशी मला वाटले, बोतासच्या त्या मेकॅनिकचे दुःख आमच्या घरात बरोबर पोहोचले.

टायर हा या शर्यतीतला निम्मा डाव आहे, म्हणून नवख्यांनी तो आधी समजून घ्यावा. २०११ पासून सर्व संघांना एकाच कंपनीचे, पिरेलीचे, टायर मिळतात. कोरड्या रस्त्यासाठी तीन प्रकार असतात, त्यांच्या कडेला रंगीत पट्टा असतो. लाल पट्ट्याचा टायर मऊ. तो रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. पांढरा कठीण, तो पुष्कळ टिकतो, पण पकड कमी. पिवळा या दोहोंच्या मधला. हिरवा आणि निळा पावसासाठी. कोरड्या शर्यतीत निदान दोन प्रकार वापरलेच पाहिजेत, असा साधारण नियम आहे. म्हणजे एकदा तरी आत येणे आले. २०१० पासून शर्यतीच्या मध्ये पेट्रोल भरण्यास बंदी आहे, तेव्हा आत यायचे ते मुख्यतः टायरसाठीच.

कधी आत यायचे, यात खरी बुद्धी लागते. समजा, तुमच्यापुढे एक गाडी आहे आणि रस्ता अरुंद असल्याने ओलांडता येत नाही. तुम्ही तिच्या आधी एक फेरी आत जाता, नवे टायर घालता आणि एक फेरी जीव तोडून पळता. पुढची गाडी झिजलेल्या टायरवर ती फेरी काढून मग आत जाते, आणि बाहेर येते तो तुम्ही पुढे निघून गेलेले असता. रस्त्यावर कोणी कोणाला ओलांडले नाही, तरी क्रमांक बदलला. हा निर्णय गाडीत बसलेला माणूस एकटा घेत नाही. भिंतीपलीकडे पडद्यांसमोर बसलेली माणसे हिशेब करून त्याला कानात सांगतात.

रेड बुल संघात हे काम हॅना श्मिट्झ नावाची इंजिनिअर बाई करते. २०२२ च्या हंगेरीच्या शर्यतीत त्यांचा चालक मॅक्स व्हर्स्टॅपन दहाव्या जागेवरून सुटला. त्या दिवशी हवा गार होती, आणि पांढरा टायर गार हवेत नीट तापत नाही. तापला नाही की पकडत नाही. फेरारीने आपल्या शार्ल लक्लेरला तोच टायर दिला आणि तो मागे पडत गेला. रेड बुलने पांढऱ्याला हात लावला नाही. व्हर्स्टॅपन मध्ये एकदा गाडीसकट गिरकी खाऊनसुद्धा जिंकला. त्याआधी, २०१९ साली, ब्राझीलची शर्यत जिंकल्यावर संघाने बक्षीस घ्यायला चौथऱ्यावर पाठवले ते या हॅना बाईंनाच. मुलींना या खेळात काय पाहायचे असते, असे जे मला विचारतात त्यांनी ते चित्र मिळवून पाहावे.

येथवर जे सांगितले ते वाचून कोणी म्हणेल, की हे चातुर्याचे आणि हातचलाखीचे कौतुक झाले. यात जिवाभावाचे काय आहे? दुर्दैवाने पुष्कळ आहे. हा खेळ फार माणसे मारून शहाणा झाला आहे, आणि माझ्या मते त्याला खेळ म्हणण्याचे सर्वांत मोठे कारण या शहाणपणातच आहे.

१९६६ साली बेल्जियममध्ये स्पा येथे पहिल्याच फेरीत पाऊस लागला आणि स्कॉटलंडच्या जॅकी स्ट्युअर्टची गाडी रस्त्याबाहेर गेली. तो सुमारे पंचवीस मिनिटे आत अडकून पडला. टाकी फुटून अंगावर पेट्रोल गळत होते. एक ठिणगी पुरली असती. मदतीला आले ते अपघातात सापडलेले दुसरे दोन चालक, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट. स्टिअरिंग काढल्याखेरीज त्याला बाहेर ओढता येत नव्हते आणि काढायला पाना नव्हता. तो एका प्रेक्षकाकडून मागून आणला. जगातल्या सर्वांत श्रीमंत शर्यतीत एक पाना मिळू नये! त्यानंतर स्ट्युअर्ट आपल्या स्टिअरिंगजवळ पाना चिकटवून शर्यतीत उतरू लागला, आणि सुरक्षिततेसाठी भांडू लागला. पट्टे हवेत, कठडे हवेत, डॉक्टर हवेत. लोक त्याला भित्रा म्हणाले. हा भित्रा तीनदा जगज्जेता झाला : १९६९, १९७१ आणि १९७३.

१९७३ साली हॉलंडमध्ये झांडव्होर्ट येथे रॉजर विल्यमसन या तरुण इंग्रज चालकाची गाडी उलटली आणि पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा चालक आपली गाडी सोडून रस्ता ओलांडून धावला आणि एकट्याने ती गाडी सरळ करू पाहू लागला. जवळच्या स्वयंसेवकांच्या अंगावर आगीत जाण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत थांबवली गेली नाही. बाकीच्या चालकांना वाटले की धडपडणारा पर्ली हाच त्या गाडीचा मालक, तो सुखरूप बाहेर आहे. विल्यमसन गेला. पर्लीला पुढे शौर्याबद्दल इंग्लंडचे जॉर्ज मेडल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे स्ट्युअर्टचा सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर पात्रता फेरीत मरण पावला. ती स्ट्युअर्टची शंभरावी आणि शेवटची शर्यत व्हायची होती. तो ती धावलाच नाही.

१९७८ साली इटलीत मोंझा येथे सुटतानाच झालेल्या अपघातात स्वीडनचा रॉनी पीटरसन जखमी झाला. मदत पोहोचायला उशीर लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी मग आग्रह धरला, की यापुढे पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची मोटार धावली पाहिजे. तशी ती धावू लागली. १९९४ मध्ये इमोला येथे ३० एप्रिलला रोलँड रात्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना असे दोन चालक लागोपाठ गेले, आणि गाड्या, मार्ग व नियम पुन्हा तपासले गेले. २०१४ साली जपानमध्ये झालेल्या अपघातानंतर ज्यूल बियांकी नऊ महिने बेशुद्ध राहून वारला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान सक्तीची झाली, तिला 'हेलो' म्हणतात. गाडी विद्रूप दिसते अशी पुष्कळांनी नाके मुरडली. फ्रान्सचा चालक रोमँ ग्रोजाँ हाही विरोध करणाऱ्यांत होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत याच ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली. तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. कठडा फाडून गाडी आत शिरली होती. ती कमान नसती तर डोके राहिले नसते. सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि त्याला कठड्यावरून ओढून घ्यायला डॉक्टर इयन रॉबर्ट्स तेथे उभे होते. ते इतक्या लवकर कसे आले? त्यांची मोटार पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग धावत होती म्हणून. मोंझा येथे पीटरसन ज्या उशिरामुळे गेला असे अनेकांना वाटते, तो उशीर बेचाळीस वर्षांनी बहारीनमध्ये झाला नाही. रुग्णालयातून ग्रोजाँने 'हेलो'बद्दलचे आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, असे मोकळेपणाने सांगितले.

म्हणून मी म्हणते, करमणुकीत हे घडत नसते. करमणूक करणाऱ्याला प्रेक्षक खूश झाले की पुरते. खेळाला आपल्या खेळाडूची जबाबदारी असते, आणि चूक झाली तर नियम बदलण्याची लाज वाटून चालत नाही.

याचा अर्थ या खेळात सर्व सोज्ज्वळ आहे, असा मुळीच नव्हे. २००२ साली ऑस्ट्रियात शेवटच्या रेषेजवळ रुबेन्स बारिकेलोला संघाने हुकूम दिला, की सहकारी मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दे. त्याने वाट दिली आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. २०२१ साली अबू धाबीच्या अखेरच्या शर्यतीपूर्वी लुईस हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांचे गुण अगदी सारखे, ३६९.५, होते. शेवटी शेवटी एका अपघातामुळे सुरक्षा-मोटार रस्त्यावर आली, म्हणजे सर्वांना तिच्यामागे हळू चालावे लागले. नंतर मुख्य पंचांनी नियमाचा असा अर्थ लावला, की फक्त या दोघांच्या मधल्या पाच गाड्या बाजूला काढून एका फेरीची शर्यत सोडली. नव्या टायरवरचा व्हर्स्टॅपन जुन्या टायरवरच्या हॅमिल्टनला ओलांडून जगज्जेता झाला. पुढे त्या पंचांना पदावरून दूर करण्यात आले. माझ्या मते हॅमिल्टनवर अन्याय झाला. परंतु पंचाच्या निर्णयावर वर्षानुवर्षे भांडण चालणे हेही खेळाचेच लक्षण नव्हे काय?

पैशाचा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. येथे पोहोचण्यासाठी मूल सात-आठ वर्षांचे असल्यापासून कार्ट नावाच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती खेळावे लागते, आणि तो खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. सात वेळा जगज्जेता झालेल्या हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण एका अपवादावरून दार सर्वांना उघडे आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतातून आजवर दोघेच या शर्यतीत उतरले : २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. संघांच्या खर्चावर २०२१ पासून मर्यादा आली, ती त्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर होती आणि तीतही चालकांचे पगार धरलेले नव्हते! वर्षभर सारा सरंजाम खंडोखंडी हलवण्यात जे इंधन जळते, त्याचे समर्थनही मी करणार नाही. या गोष्टींवर टीका व्हावीच. मात्र ती खेळ म्हणून व्हावी. पैशाचा तमाशा म्हणून हात झटकून नव्हे. क्रिकेटमध्ये पैसा आला म्हणून आपण त्याला खेळांतून काढून टाकले नाही.

आता आमच्या टीकाकाराला एक उलटा प्रश्न विचारते. खेळाडू म्हणून आपण कोणाला मोजतो? आपल्या वार्षिक अंकात दर वर्षी कबड्डी संघाचे छायाचित्र येते. ढाल असते, कर्णधार असतो, प्राध्यापक असतात. भल्या सकाळी येऊन मैदान झाडणारे, पाणी मारणारे आणि चुन्याने रेषा आखणारे शिपाईमामा त्यात कधी दिसत नाहीत. रेषा वाकडी गेली तर गुण कोणाचा, हे कोण ठरवणार? बक्षिसाच्या चौथऱ्यावर मेकॅनिकला उभे करण्याची रीत त्या श्रीमंतांच्या शर्यतीला सुचली. आपल्याला ती सुचायला काय हरकत आहे? जिमखाना समितीने पुढच्या वर्षीच्या छायाचित्रात मामांसाठी एक खुर्ची ठेवावी, अशी माझी या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.

नवख्यांना एकच सांगणे. पहिल्या एक-दोन शर्यती पाहताना पुढे कोण आहे याची फार चिंता करू नका. गाडी आत आली की जॅकवाल्याकडे पाहा, टायरचा रंग पाहा, किती फेऱ्या झाल्या ते मोजा. तिसऱ्या शर्यतीपर्यंत आपोआप कळू लागेल की पुढचा माणूस पुढे का आहे.

अण्णा आता बहुतेक रविवारी माझ्याबरोबर शर्यत पाहतात. गिऱ्हाईक आले तर उठून जातात, परत आले की कोणाची चाके बदलून झाली ते विचारतात. चालकांची नावे त्यांच्या अजून ध्यानात राहात नाहीत. मात्र शर्यत सुटली, गाड्या पहिल्या वळणाकडे गेल्या, की ते पुढची गाडी पाहात नाहीत. "डॉक्टरची गाडी निघाली का गं मागनं?" एवढे विचारतात, आणि मी हो म्हटले की मग निवांत टेकून बसतात.